तारण

यावदोखाकडे पैसे नव्हते.
तीन रात्रींचं भाडं, दोन वेळचा कोंबडीचा रस्सा, घोड्याला ओट,
आणि एक मोडलेलं बाक. ते कुणी मोडलं
यावर आमचं अजून एकमत नाही.
"पाठपिशवी ठेव तारण," मी म्हणालो,
"चेरेमोशवरचा बर्फ फुटेपर्यंत."
ती खांदे चोळत राहिली, मग म्हणाली,
"उघडू नकोस, तानासी.
उघडलीसच, तर निदान मोजू नकोस."

मी सराईवाला. मोजणं हा माझा धंदा.

वरच होता दोर. त्याला एकच गाठ,
आणि गाठीत कोंडलेला वारा
शेळीच्या करडासारखा बारीक ओरडत होता.
मी ती सोडली नाही. छप्पर मागच्याच वर्षी शाकारलंय.

मग बाटली. पंखवाल्या सापाची शिंक,
बूच मेणाने बंद, आणि चिठ्ठीवर तिचं गिचमीड अक्षर:
"सर्दी झालेली असताना पकडली. जपून."
सात चमचे, सात घरांचे,
एकाचाही दुसऱ्याशी सोयरसंबंध नाही.
मावकाचा कंगवा. मावका म्हणजे रानातल्या त्या बाया,
समोरून देखण्या आणि पाठच नसलेल्या.
त्याच्या दातांत हिरवा केस, अजून ओला.
एक खिळा. तो ज्या पुलाचा,
तो पूल म्हणे अजून बांधायचाय.

आणि एक बटाटा.
मी तो तीनदा फिरवला, दिव्यापाशी धरला,
इकडेतिकडे बघून त्याच्याशी दोन शब्द बोललोसुद्धा.
बटाटाच होता. कोंब आलेला.
तरी अदबीनेच परत ठेवला, काय सांगावं.

तळाशी फडक्यात एक पायमोजा,
माझ्या अंगठ्यात बसेल एवढा,
टाचेपर्यंत विणलेला. तिथेच सुया थांबलेल्या,
लोकरीला गंजाचा डाग.
हा मी वहीत लिहिला नाही.

शेवटी हाताला लागला दात. पिवळट, बोटाएवढा, कुणाचा देव जाणे.
तो डाव्या मुठीत धरून मी उजव्या हाताने लिहिलं,
"एकूण किंमत: काही नाही."
दात कोमट झाला.
खोडून लिहिलं, "पुष्कळ." गार पडला.
असं आहे तर, म्हटलं, आणि रिकाम्या सराईला
मोठ्याने ऐकवलं:
"त्या डोंगरापलीकडे जावंसं मला कधी वाटलं नाही."

वळ अजून आहे तळहातावर.
परास्काला सांगितलं, चुलीचं झाकण लागलं.

त्या रात्री स्टुलावर चढून
दारावरच्या घंटेची जीभ काढली.
आजोबांनी टांगल्यापासून ती उंबऱ्याबाहेर गेली नव्हती.
चिंधीत गुंडाळून पिशवीत सारली,
चमच्यांच्या खाली, बटाट्याच्या शेजारी.

बर्फ फुटला. यावदोखा आली,
एक भुवई जळलेली, खिशात नाणी खुळखुळत.
बाकाचे पैसे सोडून सगळे मोजून दिले.
पिशवी हातावर तोलली. पुन्हा तोलली.
आत हात घालून काहीतरी चाचपलं
आणि मूठ मिटूनच विचारलं,
"काही काढलंस?"
"नाही."
"काही घातलंस?"
परास्का भांडी घासायची थांबली.
"नाही," मी म्हणालो.

यावदोखाने मूठ झटकली,
बोटांवर फुंकर घातली,
मान वर करून दारावरच्या मुक्या घंटेकडे
जरा वेळ बघितलं.
मग पिशवी पाठीला मारली, पट्टा आवळला
आणि बाकाचे पैसेही टेबलावर ठेवले.

आता गिऱ्हाईक येतं ते कळत नाही.
मेंढपाळ, ओंडकेवाले, चोरसुद्धा
थेट चुलीपर्यंत येतात, मग मी दचकतो.
परास्का म्हणते, नवी जीभ बसव, लोहाराकडे दोन आण्यांची.
बसवीन, म्हणतो.
बरं झालं, दात इथे नाही.